पाळी गेलीच नव्हती: बेचाळिसाव्या वर्षी राहिलेल्या गरोदरपणाचे एक प्रकरण

सत्तरी तालुक्यातल्या एका गावातली ४२ वर्षांची बाई जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वाळपईच्या आरोग्य केंद्रात येते. तीन महिने पाळी नाही, छातीत जळजळते, पोट फुगल्यासारखे वाटते. काजूच्या कारखान्यात बसून काम करते. नवरा ४६ वर्षांचा, पिसुर्लेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. मुलगी १७ वर्षांची, बारावीला. ते बाळंतपण साधे झाले होते, त्यानंतर दिवस राहिलेले नाहीत. गेल्या दोन वर्षांपासून पाळी पुढेमागे होते, म्हणून घरात सगळ्यांनी धरून चालले की आता पाळी जायची वेळ आली. जळजळीसाठी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, नंतर तिथूनच पाळी आणण्याच्या गोळ्याही पाच दिवस घेतल्या. पाळी आली नाही. केंद्रात लघवीची तपासणी केली, ती पॉझिटिव्ह निघाली.

गोव्यात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण रचले आहे. ते कोणा एका बाईचे नाही. त्यातल्या वैद्यकीय मुदती, मात्रा आणि मर्यादा मात्र प्रत्यक्ष उपचारात वापरल्या जातात त्याच आहेत. चाळिशीनंतरच्या गरोदरपणाबद्दल बोलताना सगळे वयाला धरून बसतात. या प्रकरणात आम्हांला दाखवायचे आहे ते वेगळे. वयामुळे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक धोक्याला स्वतःचा आठवडा असतो. त्या आठवड्यात बाई योग्य जागी पोहोचली, तर बरेच काही हातात राहते. आठवडा निसटला, तर तीच तपासणी किंवा तीच गोळी निम्म्या उपयोगाची उरते.

पहिला दिवस: काय हुकले होते, काय उरले होते

पाळी अनियमित असल्याने शेवटच्या तारखेवरून दिवस मोजणे व्यर्थ होते. त्याच दिवशी सोनोग्राफी झाली. गर्भ एकच, हृदयाचे ठोके चालू, डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी ७८ मिलिमीटर. म्हणजे १३ आठवडे ५ दिवस. गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीत चार सेंटिमीटरची एक गाठ, फायब्रॉइड. या वयात अशा गाठी पुष्कळ बायकांत सापडतात आणि बहुतेक वेळा फक्त लक्ष ठेवावे लागते. मधल्या महिन्यांत गाठीत रक्तपुरवठा कमी पडून दोन-तीन दिवस जोराची कळ येऊ शकते, हे मात्र बाईला आधी सांगून ठेवायचे. नाहीतर ती घाबरते, आणि क्वचित कोणी त्या दुखण्याला अपेंडिक्स समजून बसतो.

पहिली हुकलेली गोष्ट फॉलिक अॅसिड. बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चारेक आठवड्यांत बंद होते. ४०० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी खरे तर दिवस राहण्याच्या आधीपासून हवी. ती वेळ गेली होती, म्हणून १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत मणका बारकाईने पाहायचा अशी नोंद कार्डावर केली. पाळी आणण्याच्या गोळ्यांचे काय, हे तिने स्वतःहून विचारले नाही. त्या गोळ्यांनी बाळाला इजा झाली असेल, अशी भीती घरातल्या कोणीतरी तिला आधीच घातली होती. एवढ्या मात्रेने गर्भपात करायची गरज पडत नाही, असे तिला स्पष्ट सांगावे लागले. चाळिशीतल्या कुठल्याही बाईची पाळी चुकली की आधी लघवीची तपासणी करायची. तिचा खर्च थोडा आणि वेळ पाच मिनिटे. गोळ्या त्यानंतर.

सोबत सासूबाई आल्या होत्या. त्यांना बाहेर बसवून डॉक्टर आणि नर्स यांनी बाईशी एकटीशी बोलणे ही या प्रकरणातली फार महत्त्वाची पायरी आहे, कारण पुढचे सगळे तिच्या निर्णयावर उभे आहे. गर्भ ठेवायचा की नाही? २०२१ च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, आणि गर्भनिरोधन फसणे हे त्यासाठी मान्य कारण आहे. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. गर्भात गंभीर दोष असेल तर २४ नंतरही वैद्यकीय मंडळाकडे जाता येते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची सही लागत नाही. हे सांगताना आवाजात कुठलाही कल नको. तिला मूल हवे होते. लाज मात्र वाटत होती, मुलीच्या बारावीच्या वर्षात आईचे पोट दिसणार म्हणून. ही लाज लहान समजू नये. वाड्यावर बोभाटा होईल या भीतीने बायका सहा-सहा महिने दवाखान्यात येत नाहीत, आणि धोका तिथेच साठत जातो.

चार दिवसांची मुदत

बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजायची सोनोग्राफी गर्भाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असेपर्यंतच ग्राह्य धरतात. या दिवसांत गर्भ रोज दीड-दोन मिलिमीटरने वाढतो. ७८ वरून ८४ ला जायला तीन-चार दिवस. "पुढच्या सोमवारी या" असे कोणी म्हटले असते, तर खिडकी बंद झाली असती. म्हणून दुसऱ्याच दिवशी म्हापशाला पाठवणी केली आणि त्याच फेरीत डबल मार्करचे रक्तही घेतले.

वयाचा आणि गुणसूत्रांचा संबंध इथे सांगायला हवा. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या बीजकोशात आयुष्यभराची बीजे असतात, दहा ते वीस लाख. वयात येईपर्यंत ती तीन-चार लाखांवर येतात. ही बीजे अर्धवट विभाजनाच्या अवस्थेत वर्षानुवर्षे थांबलेली असतात, आणि गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारी प्रथिने त्या काळात झिजत जातात. म्हणून चाळीस वर्षे थांबलेले बीज जेव्हा विभाजन पुरे करते, तेव्हा एखादे गुणसूत्र जास्तीचे राहून जाण्याची शक्यता वाढते. डाऊन सिंड्रोम असलेले मूल जन्मण्याची शक्यता पंचविशीत सुमारे १२५० मध्ये १, पस्तिशीत ३५० मध्ये १, चाळिशीत १०० मध्ये १ आणि ४२ व्या वर्षी ६५ मध्ये १ च्या आसपास. चाळिशीनंतर आपोआप गर्भपात होण्याचे प्रमाण साधारण तीनात एक, त्याचेही मोठे कारण हेच. पण ६५ मध्ये १ म्हणजे ६५ पैकी ६४ बाळांत हा दोष नसतो, हेही त्याच दमात सांगायचे. नुसते "या वयात मूल मतिमंद होते" म्हणणे चुकीचे आहे, आणि क्रूरही.

तिच्या बाळाच्या मानेमागचे पाणी १.९ मिलिमीटर, म्हणजे ठीक. रक्तातले पॅप-ए (वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून येणारे प्रथिन) मात्र कमी, नेहमीच्या मधल्या आकड्याच्या ०.३८ पट. दोन्ही धरून काढलेला धोका १२० मध्ये १. २५० मध्ये १ पेक्षा जास्त आला की तो 'उच्च धोका' धरतात. इथे एक बारीक पण नेहमीची चूक होते. हा हिशेब यंत्र करते, आणि त्याला जन्मतारीख, वजन, मधुमेह, आयव्हीएफ (प्रयोगशाळेत केलेली गर्भधारणा) आहे का, हे सगळे द्यावे लागते. शाळेच्या दाखल्यावरची तारीख आणि खरी तारीख यांत फरक असेल तर खरी द्यायची. दुसऱ्या स्त्रीचे बीज वापरले असेल तर आईचे वय नाही, बीज देणारीचे वय घालायचे.

पुढे दोन वाटा होत्या. एक, आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी, एनआयपीटी. ती दहाव्या आठवड्यापासून करता येते आणि डाऊन सिंड्रोमची सुमारे ९९ टक्के प्रकरणे पकडते. अहवालाला आठ-दहा दिवस, खाजगीत खर्च बहुधा दहा ते वीस हजारांच्या घरात. दुसरी, गर्भजल काढून तपासणी. ती १६ व्या आठवड्यानंतर, निदान पक्के, गर्भपाताचा धोका सरावलेल्या हातांत अर्ध्या टक्क्याच्या आत. या जोडप्याने आधी रक्ताची तपासणी निवडली. १४ व्या आठवड्यात नमुना दिला तर अहवाल सोळाव्यापर्यंत येतो. पॉझिटिव्ह आला तर गर्भजलाला वेळ उरतो, आणि त्याच्या निकालानंतरही निर्णय कायद्याच्या मुदतीत बसतो. हा उलटा हिशेब आधी मांडून मगच तपासणी निवडावी. एनआयपीटी कितीही चांगली असली तरी ती चाळणी आहे. तिच्या एकट्या भरवशावर गर्भपाताचा निर्णय घ्यायचा नाही. वजन जास्त असेल तर रक्तातला बाळाचा अंश कमी पडून अहवाल येतच नाही, मग नमुना पुन्हा द्यावा लागतो. तिचे वजन ६८ किलो, उंची १५२ सेंटिमीटर, म्हणून ही शक्यता आधीच सांगितली होती. अहवाल कमी धोक्याचा आला. बाळाचे लिंग कुठल्याही तपासणीत सांगितले जात नाही. १९९४ च्या कायद्याने ते सांगणे गुन्हा आहे.

एक छोटी गोळी, आणि तिची वेळ

पॅप-ए कमी असणे म्हणजे वार नीट रुजली नसण्याची खूण. त्यात वय ४० च्या वर आणि दोन बाळंतपणांत दहा वर्षांहून जास्त अंतर. यांतल्या कोणत्याही दोन गोष्टी असल्या की गरोदरपणातल्या रक्तदाबाचा धोका वाढलेला धरून अॅस्पिरिन सुरू करतात. १५० मिलिग्रॅम रोज रात्री झोपताना, १२ व्या आठवड्यापासून, आणि उशिरात उशिरा सोळाव्याच्या आत. वारेच्या रक्तवाहिन्या आईच्या गर्भाशयात शिरून रुंद होण्याचे काम तोवर चालू असते. नंतर सुरू केलेल्या गोळीचा उपयोग फार कमी. ती १४ व्या आठवड्यात आली म्हणून गोळी वेळेत सुरू झाली. आणखी तीन आठवडे आम्लपित्ताच्या गोळ्यांवर काढले असते, तर हा फायदा गेला असता. गोळी ३६ व्या आठवड्यात थांबवायची. दुकानदार किंवा शेजारीण "गरोदरपणात अॅस्पिरिन? रक्त पातळ होईल" म्हणून ती बंद करायला लावतात, म्हणून ती का आहे ते बाईला आणि नवऱ्याला दोघांनाही समजावले.

पहिल्या भेटीत बीपी १३४/८४. बावीस आठवड्यांत ११६/७४ झाले आणि घरी सगळ्यांना हायसे वाटले. पण गरोदरपणाच्या मध्यावर बीपी निसर्गतःच उतरते. आधीपासून रक्तदाब असलेली बाई या काळात अगदी निरोगी दिसते. म्हणून पहिल्या भेटीतला आकडा कार्डावर ठळक लिहून ठेवायचा आणि पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडायचा. मोजण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून बसवायचे, पाय जमिनीवर, पट्टा दंडाच्या मापाचा. दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा पट्टा, नाहीतर बीपी खोटेच जास्त येते. बसमधून उतरून चढ चढून आलेल्या बाईचे लगेच मोजलेले बीपी विश्वास ठेवण्यासारखे नसते.

हिमोग्लोबिन ९.८. लोहाच्या गोळ्या दिवसाला दोन, प्रत्येकीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दोनदा, पण लोहापासून दोन तास दूर, कारण एकत्र घेतले तर लोह शोषले जात नाही. चौथ्या महिन्यात जंतावर ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल एकदा. महिन्याभरात हिमोग्लोबिन १ ने तरी वाढायला हवे होते, वाढले फक्त ०.३ ने. विचारल्यावर कळले, गोळी सकाळच्या चहाबरोबर जात होती. ती लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितली, पण वेळ कमी होता म्हणून २४ व्या आठवड्यात शिरेतून लोह दिले. ३६ व्या आठवड्यात हिमोग्लोबिन ११.४. हा आकडा पुढे बाळंतपणाच्या खोलीत कामाला आला.

शुगर, पेज आणि आंब्याचे दिवस

गोव्यात हा भाग जरा सविस्तर सांगायलाच हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात आढळले, २६.४ टक्के. वय चाळिशीच्या वर, बैठे काम आणि वजन जास्त, म्हणजे गरोदरपणात शुगर वाढण्याची तयारी पुरी होती.

तपासणी सोपी आहे. पोट भरलेले असो वा रिकामे, ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात घालून पाच-दहा मिनिटांत प्यायचे, दोन तासांनी रक्त द्यायचे. १४० किंवा जास्त म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या भेटीत आकडा १३२ आला. इथे अनेक जण निर्धास्त होतात आणि दुसरी तपासणी राहून जाते. वार जसजशी वाढते तसतशी तिची संप्रेरके इन्सुलिनला अडवतात, म्हणून २४ ते २८ आठवड्यांत तपासणी पुन्हा करावीच लागते. तिची २७ व्या आठवड्यात झाली. आकडा १५८.

महिना एप्रिलचा. घरी आंबे, फणस, काजूची बोंडे. जेवण असे: सकाळी पदेराचे (पाववाल्याचे) दोन पाव आणि गोड चहा, अकराला उकड्या तांदळाची पेज, दुपारी भरपूर भात आणि हुमण (माशाची आमटी), रात्री पुन्हा भात. हे सगळे बंद करा असे सांगितले तर चार दिवसही टिकत नाही, आणि उपाशी राहणे गरोदर बाईला घातकच. बदल नेमके केले. पावाऐवजी एक पोई (कोंड्याचा पाव), सोबत अंडे किंवा अळसांद्यांची (चवळीची) उसळ, चहा साखरेविना. अकराची पेज एक वाटी, तीत पाणी कमी आणि शिते जास्त, तोंडी लावायला मूग किंवा ताजी मासळी, सुके मासे नकोत. पातळ पेज घटाघट प्यायली की शुगर झटकन चढते, खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ फार. दुपारी शिजलेला भात मोजून एक वाटी, भाजी दीड वाटी, माशाच्या दोन तुकड्या. रात्रीही तेवढेच, आणि झोपताना एक पेला दूध. आंब्याच्या दोन फोडी चालतील, पण जेवणानंतर लगेच नाही. मधल्या वेळी, शेंगदाण्यांबरोबर. प्रत्येक जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालणे. बांगडे, तारले, मुडदुशी खुशाल खावी. मोरी (शार्क) टाळावी, मोठी इसवण (सुरमई) क्वचित, कारण मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो.

घरी यंत्रावर शुगर मोजायला शिकवले. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत. एका दुपारी १९० आली आणि घरात धावपळ उडाली. बोटाला आंब्याचा रस होता. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा मोजली तर १२६.

दोन आठवड्यांच्या पथ्यानंतरही जेवणानंतरचे आकडे १२८ ते १३४ राहिले, तेव्हा इन्सुलिन सुरू केले: ३०/७० प्रकारचे, सकाळच्या नाश्त्याच्या अर्धा तास आधी ४ युनिट, मग आकडे पाहून हळूहळू वर. मोठी चूक सुईत होते. भारतात ४० युनिटची बाटली आणि १०० युनिटची बाटली दोन्ही मिळतात. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या बाटलीसाठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट जास्त किंवा अडीचपट कमी जाते. बाटली आणि सिरिंज दोन्ही नर्सने घरी नेण्याआधी समोर ठेवून पाहायच्या. वापरात असलेली बाटली उन्हापासून दूर, गार जागी चार आठवडे टिकते. वीज गेली तर मातीच्या घागरीजवळ ठेवावी. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. गोठलेले इन्सुलिन वाया जाते. घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यातून, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणे.

चौतिसावा आठवडा

मेच्या शेवटी बीपी १४२/९२. चार तासांनी पुन्हा १४४/९०. लघवीत प्रथिन नाही, प्लेटलेट आणि यकृत ठीक. बीपीची गोळी लॅबेटॅलॉल १०० मिलिग्रॅम दोनदा सुरू केली. सोनोग्राफीत बाळाचे अंदाजे वजन २,०५० ग्रॅम, म्हणजे या आठवड्याच्या मानाने लहान बाजूला, पण नाळेतला रक्तप्रवाह चांगला. शुगर बाळाला फुगवते आणि दुबळी वार बाळाला खुंटवते. दोन्ही एकत्र असतील तर वजन 'मधले' दिसू शकते आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. त्यामुळे एका वजनावर न थांबता दोन-दोन आठवड्यांनी वाढीचा वेग आणि नाळेचा प्रवाह पाहणे भाग होते.

याच भेटीत बाईला आणि नवऱ्याला धोक्याच्या खुणा पुन्हा म्हणायला लावल्या: न थांबणारे डोके दुखणे, डोळ्यांपुढे काजवे, चेहरा सुजणे, बाळाची हालचाल मंदावणे, आणि बरगड्यांखाली उजवीकडे किंवा मधोमध दुखणे. शेवटची खूण तिच्या बाबतीत विशेष महत्त्वाची, कारण तिला जळजळीची जुनी सवय. रक्तदाबाने यकृतावर आलेला ताण अगदी पित्तासारखा वाटतो. या दिवसांत छातीखाली दुखले तर पित्ताची गोळी घेण्याआधी बीपी मोजायचे. १६०/११० असेल तर १०८ ला फोन, दुसरे काही नाही.

मग जागेचा प्रश्न. वाळपईहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला (गोमेकॉ) सव्वा तास तरी लागतो, आणि जूनच्या अखेरीला पाऊस कोसळत असताना ओहोळांना पूर आला की गावातून बाहेर पडणेच अवघड. साध्या बाळंतपणाला जवळचे केंद्र उत्तम. पण वय, बीपी, इन्सुलिन आणि लहान बाळ असे चारही एकत्र असतील, तर रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि नवजात अतिदक्षता एकाच छताखाली हवी, म्हणजे गोमेकॉच. फोंड्याला नणंद होती. ३६ व्या आठवड्यात बाईने तिच्याकडे बिऱ्हाड हलवले. रक्तगट, कार्ड, सगळे अहवाल एका पिशवीत, आणि रक्त द्यायला तयार असलेल्या दोघांचे फोन क्रमांक कार्डामागे.

वाट किती पाहायची

"कळा आपसूक येऊ देत" असे घरातली वडीलधारी माणसे म्हणतात आणि पंचविशीतल्या निरोगी बाईला ते ठीकही आहे. चाळिशीनंतर शेवटच्या आठवड्यांत पोटातच बाळ दगावण्याचा धोका लवकर चढतो. ४० च्या पुढच्या बाईला ३९-४० आठवड्यांत जो धोका असतो, तेवढा पंचविशीतल्या बाईला ४१ व्या आठवड्यात येतो. म्हणून दुसरी कुठलीही अडचण नसली तरी ३९ ते ४० आठवड्यांत कळा सुरू करून देण्याचा पर्याय समोर ठेवतात. त्याने सिझेरियन वाढते ही भीती खरी ठरलेली नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३५ वर्षांवरच्या पहिलटकरणींच्या चाचणीत ३९ व्या आठवड्यात कळा आणल्याने सिझेरियनचे प्रमाण वाढले नाही. या बाईला बीपी आणि इन्सुलिन दोन्ही होते, म्हणून ३७ आठवडे ४ दिवसांवर दाखल केले.

गर्भाशयाचे तोंड बंद होते. फोली नळीचा फुगा ३० मिलिलिटर सलाइनने फुगवून रात्रभर ठेवला, सकाळी कळा आणणारे ऑक्सिटोसिन. त्या दिवसाचे सकाळचे इन्सुलिन दिले नाही, शुगर दर दोन तासांनी मोजली. आधीचे एक बाळंतपण नैसर्गिक झालेले असले की शरीर साथ देते. दुपारनंतर बाळंतपण नैसर्गिकच झाले, बाळ २,६४० ग्रॅमचे, लगेच रडले.

रक्त मात्र थांबेना. वय, कळा आणून केलेले बाळंतपण आणि गर्भाशयातली गाठ या तिन्हींनी गर्भाशय ढिले पडण्याची शक्यता वाढते, म्हणून तयारी होतीच. ऑक्सिटोसिन १० युनिट बाळ येताच स्नायूत दिले होते. आता गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिनचे सलाइन, रक्तस्राव थांबवणारे ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड १ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत, जिभेखाली ८०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड बाळंतपणापासून तीन तासांच्या आत दिले तरच उपयोगी. प्रत्येक ट्रेमध्ये असणारे, गर्भाशय आवळणारे मेथर्जिन मुद्दाम टाळले, कारण बीपीच्या बाईला ते दिले तर दाब एकदम उसळून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. घाईच्या वेळी हात सवयीने तिकडे जातो, म्हणून खोलीत शिरतानाच कार्डावर लाल शाईने 'मेथर्जिन नको' लिहिलेले होते. अंदाजे ७५० मिलिलिटर रक्त गेले. हिमोग्लोबिन ११.४ वरून ९.६ वर आले, रक्त चढवावे लागले नाही. जानेवारीतल्या ९.८ वरच ही वेळ आली असती, तर चित्र वेगळे असते.

बाळाला पहिल्या तासात अंगावर पाजले. आईची शुगर वाढलेली असली की बाळाची जन्मानंतर घसरते. टाचेतून मोजली, ५२ आली. ४५ च्या खाली गेली असती तर उपचार लागले असते.

ज्यांना मूल हवे आहे त्यांच्यासाठी

ही बाई न ठरवता गरोदर राहिली. चाळिशीत ठरवून मूल हवे असणाऱ्यांची गोष्ट याहून कठीण असते, आणि तिथे खोटी आशा लावणे आम्हांला योग्य वाटत नाही. चाळिशीच्या सुरुवातीला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास येते. स्वतःच्या बीजावर आयव्हीएफ केले तरी ४२-४३ व्या वर्षी एका चक्रातून मूल हाती येण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आहे. बीज तरुण स्त्रीचे घेतले तर यश तिच्या वयानुसार मिळते, मात्र गर्भधारणेत बीपी वाढण्याचा धोका अधिक. वंध्यत्वाच्या उपचारांविषयीच्या २०२१ च्या कायद्याने अशा उपचारासाठी स्त्रीला ५० आणि पुरुषाला ५५ ही वयोमर्यादा आहे. बांबोळीला गोमेकॉमध्ये शासकीय आयव्हीएफ सेवा उपलब्ध आहे. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून पाहावे, चाळिशीनंतर वाट न पाहता जावे, आणि जाण्याआधी बीपी, शुगर, थायरॉइड तपासून तीन महिने आधी फॉलिक अॅसिड सुरू करावे. नवऱ्याची तपासणी पहिल्याच दिवशी. ती स्वस्त आहे आणि सुईविना होते, तरी ती सर्वांत शेवटी होते हे आमचे दुःख आहे.

घरी गेल्यावर

बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सर्वांत वर जाते, नेमके बाई घरी पोहोचते तेव्हा. फोंड्यालाच दहा दिवस राहून रोज मोजले, चौथ्या दिवशी १५२/९६ आले, गोळी वाढवली. सव्वा महिना खाटेवरून उठायचे नाही ही जुनी चाल या वयात पाळू नये. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका गरोदरपणापेक्षा बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत जास्त असतो. घरात चालावे, पाणी भरपूर प्यावे. एकच पोटरी सुजली, दुखली किंवा दम लागला तर त्याच दिवशी इस्पितळ.

गर्भनिरोधनासाठी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवली. पस्तिशीनंतर रक्तदाब असलेल्या बाईला इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालत नाहीत. पाळी चुकू लागली म्हणून साधन काढायचे नाही. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी होऊन पूर्ण दोन वर्षे गेल्यावर, पन्नाशीनंतर एक वर्षाने, मगच.

उरली ती सहाव्या आठवड्याची शुगर तपासणी, आणि ती बहुतेक बायकांची राहून जाते, कारण तोवर सगळ्यांचे लक्ष बाळाकडे वळलेले असते. गरोदरपणातला मधुमेह बाळंतपणाने थांबल्यासारखा वाटतो, पण पुढच्या वर्षांत कायमचा मधुमेह होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढलेला राहतो. बाळाची दीड महिन्याची लस आणि आईची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी एकाच सकाळी, एकाच केंद्रात घ्यायची असे ठरले. ही तपासणी उपाशीपोटी, म्हणून बाळाला पाजून, स्वतः काही न खाता सकाळी लवकर निघायचे. उपाशीपोटी १०४, दोन तासांनी १४८ आले. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. पुढची तपासणी वर्षभराने, आणि त्यानंतर दरवर्षी.